तळोद्यातलं जपानी

मी नववीत जपानी शिकले, हे ऐकलं की लोकांचे चेहरे उजळतात. लोणखेड्याच्या कॉलेजात एका प्राध्यापकांनी तर मला वर्गात उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. नर्मदेकाठची आदिवासी मुलगी आणि जपानी! टाळ्या संपेपर्यंत मी फळ्याकडे बघत उभी राहिले. त्यांना वाटलं, लाजली. मी लाजले नव्हते. मला त्या वर्षाचा राग आहे, आणि तो कमी व्हावा म्हणून मी कधी काही केलेलं नाही.

शाळा तळोद्याची. अर्धी मुलं गावातली, दुकानदारांची, नोकरदारांची, सायकलवरून येणारी. अर्धी आम्ही, वसतिगृहातली, सातपुड्यातून जीपने उतरलेली. मणिबेलीच्या बाजूला, धरणाच्या पाण्याला लागून आमचं घर. घरून निघालं की आधी होडी, मग पायवाट, मग जीप, आणि जीपमधून उतरलं की तोंड बंद. कारण शाळेत भिली बोलायची नाही असा मोठ्या सरांचा नियम होता. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. भिलीतला शब्द त्यांच्या कानावर पडला की हात पुढे, आणि तळव्यावर पट्टी. “शाळेत शुद्ध मराठी,” असं ते दर वेळी म्हणायचे. मग फोन वाजला की ते स्वतः वऱ्हांड्यात उभे राहून मोठमोठ्याने अहिराणीत बोलायचे, “हा, जेवण व्हयनं, आते शाळामाच शे.” त्यांच्या हातावर कोण पट्टी मारणार?

मी पहिलीत आले तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. बाई काय म्हणतात ते न कळता मी कविता पाठ केल्या होत्या. त्यामुळे नववीत एक दिवस मोठ्या सरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, की आता आपल्या शाळेत जपानी भाषा आणि संस्कृती शिकवली जाणार, तेव्हा गावातली मुलं घाबरली, आम्ही घाबरलो नाही. न कळणारी भाषा पाठ करायची सवय आम्हाला होती. सरांनी असंही सांगितलं की जपानमध्ये म्हातारे फार आणि त्यांची सेवा करायला माणसं कमी, तिथे तुम्हाला नोकऱ्या मिळतील. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, जी माझ्याच खोलीत राहायची, हळूच म्हणाली, “आपल्याकडचे म्हातारे कोण बघणार?” ती हे भिलीत म्हणाली. तिला पट्टी मिळाली.

शिकवायला आल्या त्या मॅडम पुण्याच्या होत्या. कंत्राटावर. तळोद्यात बाजारपेठेच्या मागे त्यांनी एक खोली घेतली होती आणि ती खोली, ते पाणी, ते ऊन, जेवणात रोज येणारी ज्वारीची भाकरी, सगळ्याचा त्यांना तिटकारा होता. तो त्या लपवत नसत. “तुम्ही लोक,” अशी त्यांची वाक्यं सुरू व्हायची. तुम्ही लोक चपला कशाही टाकता. तुम्ही लोक डोळ्यात बघून बोलत नाही. त्यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे. सेन्सेई म्हणायचं, जपानीत शिक्षकाला तसं म्हणतात. वर्गात शिरताना कमरेतून वाकायचं. किती वाकायचं ते त्या हाताने दाखवायच्या, आणि कमी वाकलेल्याला बाहेर पाठवून पुन्हा आत घ्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात आमचं बिनसलं. त्या सांगत होत्या की जपानमध्ये मुलं किती शिस्तीची. “तिथे शाळेत झाडूवाला नसतो. मुलं स्वतः वर्ग झाडतात, फरशी पुसतात, स्वच्छतागृहसुद्धा धुतात! तुम्हाला कल्पना तरी करता येते का?”

वसतिगृहाच्या बाकांवर एकदम हशा पिकला. त्या सकाळीच आम्ही सगळी शाळा झाडली होती, मैत्रिणीने आणि मी शिक्षकांचं स्वच्छतागृह धुतलं होतं. रोजच धुवायचो. गावातली मुलं यायच्या आत ते काम उरकायचं असायचं.

मॅडमना वाटलं, आम्ही जपानला हसतोय. त्यांचा चेहरा लाल झाला. “हसण्यासारखं काय आहे?”

मी उभी राहिले. “सेन्सेई, तिथे सगळी मुलं धुतात की फक्त वसतिगृहातली?”

“सगळी.”

“मग उद्यापासून आपण सगळी धुवू.” मी गावातल्या मुलांच्या रांगेकडे बघितलं. तिथे कोणी हसत नव्हतं.

मॅडमनी मला तासभर उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्वच्छतागृह आम्हीच धुतलं. जपानी संस्कृती शिकवताना तो धडा त्यांनी पुन्हा काढला नाही.

तरी मी शिकत गेले. खुन्नस धरून शिकत गेले. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, आणि नामाला पुढे छोटे प्रत्यय लागतात, हे मला लवकर उमगलं. शिवाय ती भाषा सगळ्यांनाच परकी होती. गावातल्या कापड दुकानदाराची मुलगी वर्गात कायम पहिली यायची. घरी मारवाडी, दुकानात हिंदी, शाळेत मराठी, तिन्ही ती फाडफाड बोलायची. माझ्या मराठीतले चुकलेले ‘ळ’ आणि ‘ण’ ती मधल्या सुट्टीत मैत्रिणींना करून दाखवायची. जपानीत मात्र तिला माझ्या पुढे जाता येईना. आम्ही दोघी बरोबरीत होतो आणि एकमेकींना बघून घेत होतो.

पावसाळा संपला, दिवाळी झाली आणि बातमी आली की जपानहून पाहुणे येणार आहेत. शाळेला रंग लागला. आमच्या खोल्यांना नाही, फक्त रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला. मोठ्या सरांनी वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना बोलावून सांगितलं की होळीला नाचतात तसं मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे बांधून, ढोल घेऊन नाचायचं. त्यातला एक धीर करून म्हणाला, “सर, ते होळीशिवाय अंगावर घालत नाहीत. नवस असतो.”

“पाहुण्याला काय समजतं त्यातलं?” सर म्हणाले.

भाषण कोणी करायचं हे मॅडमनी ठरवलं. मला बोलावून त्यांनी जपानी भाषण हातात दिलं आणि मराठीत अर्थ सांगितला. माझं गाव जंगलात आहे. तिथे काहीच नाही. माझे वडील अडाणी आहेत. मी अंधारात होते. या शाळेने मला प्रकाशात आणलं. मी जपानला जाऊन मन लावून काम करीन.

“माझं गाव जंगलात नाही, सेन्सेई,” मी म्हटलं. “अर्धं पाण्यात आहे. धरणाच्या. ते कसं म्हणायचं?”

“ते नको. पाहुण्यांसमोर रडगाणं नको.”

“वडील अडाणी आहेत, हे रडगाणं नाही का?”

“ते प्रेरणादायी आहे,” त्या म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बाहेर कापडवाल्याची मुलगी उभी होती. तिला नाकारल्याचं तिला कळलं होतं. डोळे लाल होते. मी जवळून जाताना ती म्हणाली, “तुला चांगलं येतं म्हणून नाही घेतलं तुला. तू त्यांना हवी तशी दिसतेस म्हणून घेतलं.”

ती खरं बोलत होती. माझ्या मनात त्या दिवशी ती, मॅडम आणि मोठे सर, तिघं एकाच ओळीत उभी राहिली. भाषण मी तोंडपाठ केलं. पण शेवटची दोन वाक्यं मी माझी बसवायची ठरवली. शाळेत आम्ही आमची भाषा बोलतो. आम्हाला मारतात. एवढंच. मारण्याचा शब्द मला येत होता. ‘ताइको’ म्हणजे जपानी ढोल, तो धडा शिकवताना मॅडमनी ‘ताइको ओ ततकिमास’ असं वाक्य घोकून घेतलं होतं. ढोलावर मारतात. ततकिमास. मारणं. मला दुसरा शब्द माहीत नव्हता आणि विचारायची सोय नव्हती.

पाहुणे तिघे होते. दोन तरुण, एक साठीचा, उन्हाने घामाघूम झालेला, पण कोटाचं बटण न काढणारा. मोठ्या सरांनी त्यांना फेटे बांधले. मॅडम दुभाष्याचं काम करत होत्या आणि मी त्यांना प्रथमच घाबरलेलं बघत होते. पाहुण्यांसमोर त्या इतक्या वाकत होत्या की त्यांनी आमच्याकडून करून घेतलेलं वाकणं काहीच नव्हतं. एकदा त्यांचं काहीतरी चुकलं असावं, कारण तरुण पाहुण्याने त्यांना हसून दुरुस्त केलं आणि त्यांच्या मानेवर लाल डाग उठले. मला बरं वाटलं.

माझी पाळी आली. बाजूला मुलं मोरपिसांचे टोप घालून, खाली बघत उभी होती. ढोल त्यांच्या पायाशी होता. मी वाकले आणि बोलायला लागले. जंगल, अंधार, अडाणी वडील, प्रकाश, सगळं म्हटलं. मग थांबले. मॅडमनी टाळ्यांसाठी हात उचलले होते.

“गाक्को दे, वाताशिताची नो कोतोबा ओ हानाशिमास,” मी म्हटलं. “वाताशिताची वा, ततकिमास.”

मॅडमचे हात हवेतच राहिले. मी म्हाताऱ्या पाहुण्याकडे सरळ बघत होते. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा बदलेल. तो उठेल, मोठ्या सरांकडे वळेल, काहीतरी विचारेल. तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला आणि मग खुलला. “आ, ताइको!” असं म्हणून त्याने दोन्ही हातांनी हवेत ढोल बडवला. मग बाजूच्या ढोलाकडे बोट केलं, खदखदून हसला आणि मला म्हणाला की तुझं जपानी फार छान आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळ्यात जोरात. मुलांनी ढोल उचलला, नाच सुरू झाला आणि फोटो निघाले.

मी मंचावरून उतरले तेव्हा माझे कान तापले होते. आम्हाला मारतात असं सांगितलं तर हा माणूस हसतो? हात हलवून नक्कल करतो? त्या क्षणी मी त्या देशाचा, त्या भाषेचा आणि त्या फेटेवाल्या म्हाताऱ्याचा जितका द्वेष केला तितका मोठ्या सरांचाही कधी केला नव्हता.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम तिथे होत्या. सरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. “काय बोलली गं तू शेवटी? पाहुणा एवढा खूश झाला!”

मला गप्प राहता आलं असतं. मी पेढा टेबलावर ठेवला आणि मराठीत सांगितलं. “मी म्हटलं, शाळेत आम्ही आमची भाषा बोललो की आम्हाला मारतात.”

सरांचा चेहरा आधी कोरा झाला. मग ते मॅडमकडे वळले. “हे म्हणाली ती?”

“नाही सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “ती ढोलाबद्दल बोलली. आम्ही आमची भाषा बोलतो, आम्ही ढोल वाजवतो, असं म्हणाली. आता उगीच काहीतरी सांगतेय.”

सरांनी पट्टी घेतली. आधी खोटं बोलल्याबद्दल, आणि मग, मला वाटतं, खरं बोलल्याबद्दल. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

वऱ्हांड्यात मी त्यांना गाठलं. सेन्सेई म्हटलं नाही. “मॅडम, तुम्ही खोटं का बोललात?”

“मी खोटं बोलले नाही. तुझं वाक्य चुकलं.” त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. “ततकिमास म्हणजे मारतो. आम्ही मारतो, आम्ही बडवतो, असं म्हणालीस तू. आम्हाला मारतात, असं म्हणायचं तर क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. समोर ढोल होता. त्यांना ढोल वाटला. त्यांचं काय चुकलं?”

माझे तळवे सुजले होते आणि ही बाई मला व्याकरण सांगत होती. “मग ते रूप सांगा.”

“ते तुमच्या अभ्यासक्रमात नाही.”

“मला आत्ता सांगा.”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “बरं झालं चुकलं. बरोबर आलं असतं तर उद्या मी घरी असते. तुला काय वाटतं, मी इथे हौसेने आलेय?” आणि चपलांचा आवाज करत निघून गेल्या.

त्या मला वाचवायला बोलल्या की स्वतःला, याचा विचार लोक मला नंतर करायला सांगतात. मैत्रिणीनेही सांगितलं. मी करत नाही. मला पट्टी बसत असताना त्या खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या, एवढं मला पुरतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जपानीच्या तासाला भिलीत बोलायला लागले. मॅडम जपानीत विचारायच्या, आज हवा कशी आहे? मी उभी राहून, कमरेतून बरोबर वाकून, भिलीत उत्तर द्यायचे. ऊन आहे. वारा नाही. त्या पुन्हा विचारायच्या, मी पुन्हा भिलीत. तिसऱ्या दिवशी मैत्रीण तसंच बोलली. मग मागच्या बाकावरची मुलं, ज्यांना मोरपिसं घालून नाचवलं होतं, ती तर आनंदाने बोलायला लागली. मॅडम किंचाळल्या, पुस्तक आपटलं, सरांना बोलावलं. पट्टी आली. आम्ही हात पुढे केले. गावातली मुलं डोळे मोठे करून बघत होती. कापडवाल्याच्या मुलीने फक्त एकदा माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. ते हसू होतं की तुच्छता, ते मला समजलं नाही आणि मी समजून घ्यायला गेले नाही.

शेवटी सरांनी माझ्या बाबांना निरोप पाठवला. बाबा होडीने, मग पायी, मग जीपने आले. मळलेला सदरा बदलून आले होते. ऑफिसात सरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. मराठीत सुरू केलं: तुमची मुलगी उर्मट झालीय, वर्ग बिघडवते, तिला समज द्या, नाहीतर काढून टाकावं लागेल.

बाबांना मराठी चांगलं येतं. धरणाच्या काळात त्यांनी किती साहेबांशी मराठीत भांडणं केली आहेत. पण ते सरांकडे निर्विकार बघत राहिले आणि मला भिलीत म्हणाले, “काय म्हणतो हा?”

मी दचकले. मग मला समजलं. मी सरांचं बोलणं भिलीत सांगितलं. मोठ्याने, ऑफिसात, त्यांच्या टेबलासमोर. सरांना मला अडवता येईना, कारण मी दुभाष्याचं काम करत होते.

बाबांनी काहीतरी विचारलं. “काय म्हणतात?” सर म्हणाले.

“विचारतात, तुम्ही हिला मारता का?”

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. वर पंखा करकरत होता. “मारत नाही. शिस्त लावतो.”

मी बाबांना भिलीत सांगितलं, म्हणतो मारत नाही. बाबांनी माझा हात धरला, तळवा उलटा केला आणि सरांच्या टेबलावर, काचेवर ठेवला. वळ निळे होते. मग ते बोलले आणि मी शब्द न शब्द मराठीत सांगितलं. “ते म्हणतात, हे वळ पाण्यात काम करून आलेले नाहीत. पुन्हा दिसलं तर ते मला घेऊन जातील. एकटीला नाही, आमच्या बाजूच्या सगळ्या मुलांना. होडी त्यांचीच आहे, म्हणतात.”

वसतिगृह रिकामं झालं तर सरकारी अनुदान बंद होतं, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला आणि शिपायाला चहा सांगितला. बाबा चहा न घेता उठले.

जीपच्या अड्ड्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. “तुम्ही मराठीत का नाही बोललात?”

“त्याने मला विचारलं कुठे, मला काय येतं ते?” बाबा म्हणाले आणि टपावर पोती चढत होती तिकडे बघायला लागले.

त्यानंतर मला पट्टी मिळाली नाही. मैत्रिणीला मिळाली, बाकीच्यांनाही अधूनमधून मिळत राहिली, ऑफिसात नाही, आडोशाला. म्हणजे बाबांनी शाळा सुधारली वगैरे काही झालं नाही. माझ्यापुरती सुटका झाली, आणि त्यासाठी मैत्रीण कित्येक दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. तिचा बाप होडीवाला नव्हता.

मॅडम वार्षिक परीक्षेनंतर गेल्या. कंत्राट पुढे वाढलं नाही. दहावीला जपानी बंद झालं. शेवटच्या तासाला त्यांनी वर्गात सगळ्यांचा निरोप घेतला. कापडवाल्याच्या मुलीने त्यांना भेटवस्तू दिली. मी वाकले नाही, उभी राहिले. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

कापडवाल्याची मुलगी आता पुण्यात जपानीच शिकते, असं ऐकलं. मी लोणखेड्याला शेतकी शिकते. मध्यंतरी कॉलेजात परदेशी नोकऱ्यांची माहिती द्यायला काही माणसं आली होती. त्यांनी विचारलं, कोणाला जपानी येतं का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागच्या बाकावर बसून प्रात्यक्षिकाच्या मातीचे नमुने पिशव्यांत भरत होते. भरत राहिले.